धरण भरले, पण कशाने?

इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर एरवी उजनीच्या पाण्याखाली असते. धरण तळाला जाऊ लागले की आधी त्याचे शिखर दिसते, मग भिंती, मग ओवऱ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात मंदिर असेच उघडे पडले, कारण उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. दुरून माणसे पाहायला आली, फोटो निघाले, वर्तमानपत्रांत छापून आले. त्या फोटोंत मंदिराच्या चहूबाजूंना भेगाळलेला, वाळलेला चिखल पसरलेला होता. त्याच्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नाही. हा चिखल धरण होण्यापूर्वी तिथे नव्हता. तो नद्यांनी वाहून आणला आणि तिथे ठेवला.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण शाळेपासून पाठ असते. तेच तळे कणाकणाने बुजतही असते, हे मात्र कोणी शिकवत नाही.

उजनीचे आकडे भीमेच्या खोऱ्यात पोराटोरांनाही ठाऊक असतात. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृत साठा ६३ टीएमसीहून थोडा अधिक. एवढा मोठा मृत साठा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या धरणात सहसा आढळत नाही. या आकड्यांमुळे दोन समजुती रूढ झाल्या. एक, गाळ काय तो तळाच्या मृत साठ्यात बसतो, वरच्या पाण्याला त्याचा उपद्रव नाही. दुसरी, गाळ हा जलसंपदा खात्याचा विषय आहे, दवाखान्याचा नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांची किंमत इंदापूर-बारामतीसारख्या तालुक्यांतली माणसे मोजत आहेत.

नदीची चाळणी

माणूस धुळीत श्वास घेतो तेव्हा धुळीचे सगळे कण एकाच जागी अडकत नाहीत. जाड कण नाकातच थांबतात. त्याहून बारीक कण श्वासनलिकेपर्यंत जातात आणि तिथला चिकट स्राव त्यांना धरतो. अगदी सूक्ष्म, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. डॉक्टरांना भीती वाटते ती डोळ्यांना दिसणाऱ्या जाड धुळीची नव्हे, या न दिसणाऱ्या कणांची.

नदीही नेमकी अशीच चाळणी लावते. वाहत्या पाण्याची गाळ नेण्याची ताकद वेगावर अवलंबून असते. वेग थोडा वाढला की ही ताकद कितीतरी पटींनी वाढते. म्हणून वर्षभराचा बराचसा गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत येतो. पुरात दगडगोटे आणि वाळू तळाशी घरंगळत जातात, तर पोयटा आणि चिकणमाती पाण्यात तरंगत राहतात. तीच नदी धरणाच्या फुगवट्यात शिरते तेव्हा पात्र एकदम रुंदावते, वेग मोडतो आणि नदीच्या हातातले ओझे सुटू लागते.

ओझे कोणत्या क्रमाने सुटते, ते साध्या हिशेबाने कळते. संथ पाण्यात वाळूचा बारीक कण दहा मीटर खाली जायला दहा मिनिटेही घेत नाही. पोयट्याच्या कणाला त्याच अंतरासाठी सात-आठ तास लागतात. चिकणमातीच्या, दोन मायक्रॉनच्या कणाला लागतो जवळपास एक महिना, तोही वारा, लाटा आणि प्रवाह यांनी त्याला पुन्हा वर ढकलले नाही तर. साहजिकच वाळू फुगवट्याच्या तोंडाशीच पडते, पोयटा थोडा पुढे जातो आणि चिकणमाती धरणभर पसरते, भिंतीपर्यंत जाते.

दख्खनच्या काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. शिरूर, खेड, हवेली, दौंडच्या शिवारांतून पहिल्या पावसात निसटणारी माती याच जातीची. भीमेला वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड या नद्या येऊन मिळतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा गाळ पानशेत, वरसगाव, पवना, डिंभे अशा धरणांत बराचसा अडतो. उजनीत येतो तो त्या धरणांच्या खालच्या मुलखातला गाळ. या मुलखात नांगरलेली रानेही आहेत आणि पुणे-पिंपरी चिंचवडसारखी शहरेही.

‘मृत’ साठ्यावर भिस्त कशाला?

गाळ जर आधी फुगवट्याच्या तोंडाशी पडत असेल, तर तो तळाच्या मृत साठ्यापुरता कसा मर्यादित राहील? उजनीत उपयुक्त साठ्याची वरची पातळी ४९६.८३ मीटर आणि खालची ४९१.०३ मीटर आहे. म्हणजे ज्या ५३ टीएमसीवर शेती, कारखाने आणि शहरे उभी आहेत, ते सगळे पाणी वरच्या सहा मीटरांत पसरलेले आहे. फुगवट्याचा उथळ भाग, दौंडच्या पूर्व टोकाकडून भिगवण-कुंभारगावकडे येणारा पट्टा, याच सहा मीटरांतला. तिथे पडणारा प्रत्येक थर उपयुक्त साठ्यातून वजा होतो.

भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला हजारो लोक येतात. रोहित पक्षी उथळ पाण्यात उभा राहून चिखलातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव टिपतो. त्याचे ताट गाळानेच वाढलेले असते. पक्ष्यांचे येणे आनंदाचेच आहे, पण ते ज्या दलदलीत उतरतात ती दलदलही काही सांगते. पाणी ओसरले की याच काठांवर गाळपेर होते, कलिंगड-काकडीची रोपे उभी राहतात. पंपवाल्यांना मात्र दर उन्हाळ्यात पाण्यामागे जात चाऱ्या खोदाव्या लागतात आणि पाइप वाढवावे लागतात.

काळ्या मातीच्या मुलखात हे किती लवकर होऊ शकते, याचे उदाहरण फार लांब नाही. बीड-लातूरमधून जाणाऱ्या मांजरा नदीवर पुढे तेलंगणात निजामसागर धरण आहे. १९३१ साली पूर्ण झाले तेव्हा त्याची क्षमता जवळपास ३० टीएमसी होती. अर्ध्या शतकाच्या आत त्यातली निम्म्याहून अधिक गाळाने गिळली आणि पुढे साठा वाढवण्यासाठी दरवाजांची उंची वाढवावी लागली. चीनने पीत नदीवर सानमेनशिया धरण १९६० साली भरायला घेतले. पहिल्या दोन वर्षांतच गाळ इतका साचला की धरण भरून ठेवण्याची पद्धत सोडावी लागली आणि गाळ खालून वाहून जावा म्हणून भिंतीत नव्याने मार्ग काढावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली १५० देशांतल्या ४७ हजारांहून अधिक मोठ्या धरणांचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत या धरणांची मूळ क्षमतेतली २६ टक्के जागा गाळाने व्यापलेली असेल.

उजनीचा रोज प्रसिद्ध होणारा टक्का मात्र अजूनही ५३.५७ टीएमसी हा मूळ आकडा १०० धरूनच काढला जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या वजनावर आज औषधाचा डोस ठरवावा, तसा हा प्रकार आहे.

गाळाच्या पाठीवर बसून काय येते?

इथपर्यंतचा विषय अभियंत्यांचा. पुढचा दवाखान्याचा आहे.

वाळूचा एक ग्रॅम घेतला तर त्यातल्या सगळ्या कणांचा मिळून पृष्ठभाग पोस्टकार्डाएवढा भरतो. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा एक ग्रॅम घेतला, तर तिच्या सूक्ष्म पापुद्र्यांचा पृष्ठभाग काहीशे चौरस मीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या बंगल्याच्या जागेएवढा होतो. त्या पृष्ठभागावर विद्युतभार असतो. त्यामुळे पाण्यातले स्फुरद, जड धातू, कीटकनाशकांचे अंश आणि जंतू त्याला चिकटतात. पाणी आणि घाण वेगवेगळी वाहतात असे दिसत असले, तरी घाणीचा मोठा वाटा मातीच्या पाठीवर बसून प्रवास करतो.

यातले स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, सर्वांत महत्त्वाचे. ते येते शेतातल्या खतांतून, साबण-पावडरींतून आणि माणसाच्या मलमूत्रातून. एक ग्रॅम स्फुरदावर शंभर ग्रॅमच्या आसपास कोरडे शेवाळ पोसले जाऊ शकते. सांडपाण्याबरोबर आलेले स्फुरद मातीतल्या लोहाला चिकटून तळाशी बसते. ते तिथे गेले म्हणजे संपले, असे वाटते. पण उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, तळाचा प्राणवायू संपतो, लोहाचे रासायनिक रूप बदलते आणि धरून ठेवलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. म्हणजे ज्या वर्षी वरून घाण कमी आली, त्या वर्षीही तळातला गाळ जुनी उधारी वसूल करत राहतो. गाळात यांत्रिक बोटी घालून चोरटा वाळूउपसा चालतो, तेव्हाही हेच होते. महसूल खात्याने अशा बोटी पकडून जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या येतात. त्या बातम्यांत बुडालेला महसूल मोजला जातो. ढवळलेला तळ कोणी मोजत नाही.

याचा परिणाम उजनीच्या फुगवट्यात उघड्या डोळ्यांनी दिसतो. पाण्यावर हिरवा तवंग येतो, काठाला दुर्गंधी सुटते, जलपर्णी पसरते, मासे मरून तरंगतात. मच्छीमार आणि पाण्यात उतरणारे शेतकरी अंगाला खाज सुटल्याची तक्रार करतात. हिरव्या तवंगात नील-हरित शेवाळ असते आणि त्याच्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. ते यकृतावर घाव घालते. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी कमी ठेवली आहे.

या विषाची एक अडचण गृहिणींनी आणि ग्रामपंचायतींनी सारखीच लक्षात ठेवायला हवी. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट शेवाळाच्या पेशी फुटून ते पाण्यात आणखी मिसळते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या पाण्यात हे विष सापडले, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असे सांगावे लागले. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ साली डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात ते आले आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. डायलिसिस केंद्रे आता तालुक्याच्या ठिकाणीही आली आहेत. ती कोणत्या पाण्यावर चालतात, हा प्रश्न म्हणूनच नुसता प्लंबरवर सोडण्यासारखा नाही.

गढूळ पाण्यात क्लोरिन लपंडाव खेळतो

बारामतीचे पाणी उजनीचे नाही. तालुक्याचा दक्षिण भाग नीरेवर जगतो. भाटघर आणि वीर धरणांचे पाणी नीरा डाव्या कालव्यातून येते. हा कालवा १८८५ साली सुरू झाला. कऱ्हा नदी पुरंदरच्या उघड्या डोंगरांतून बारामतीत येते आणि पुढे नीरेला मिळते. ती नीरा इंदापूरच्या टोकाला, नीरा नरसिंहपूरला भीमेत विलीन होते. कऱ्हेचे पात्र वर्षातला बराच काळ कोरडे असते, पण २०१९ च्या सप्टेंबरअखेर एका रात्रीत तिला आलेला पूर बारामतीकर विसरलेले नाहीत. काठच्या हजारो लोकांना हलवावे लागले. २०२५ च्या मेअखेर बारामती-इंदापुरात असाच आडवातिडवा पाऊस झाला आणि पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला. मे महिन्यात राने नांगरून उघडी पडलेली असतात. मातीला धरून ठेवायला गवताची काडीही नसते. वर्षभरात सर्वाधिक माती अशाच पावसात जाते आणि ती नद्या, ओढे, विहिरी, साठवण तलाव सगळीकडे पोहोचते.

अशा पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. पिवळा रंग आला की पाणी शुद्ध, अशी समजूत असते. पण मातीचा कण जंतूला चिलखतासारखा असतो. जंतू त्याच्या आड बसतो आणि क्लोरिन त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय पाण्यातला सेंद्रिय कचरा क्लोरिन स्वतःच खाऊन टाकतो. टाकीपाशी पिवळा रंग येतो, पण शेवटच्या नळापर्यंत जाता जाता क्लोरिन संपलेले असते. म्हणूनच भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा एक एनटीयूच्या आत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर पाच. तो आधी कमी करायचा आणि मग क्लोरिन टाकायचे, हा क्रम आहे. गढूळ पाण्यात दुप्पट पावडर टाकणे हा त्याला पर्याय नाही. त्याने वास वाढतो आणि सेंद्रिय द्रव्याशी संयोग होऊन नको ती रसायने तयार होतात.

पावसाळ्याच्या सुरुवातीला सरकारी दवाखान्यांत जुलाब, टायफॉइड आणि काविळीचे रुग्ण एकदम का वाढतात, याचे बरेचसे उत्तर या क्रमात आहे. अ प्रकारची कावीळ मुलांना होते आणि बहुतेकदा बरी होते. ई प्रकारची कावीळ मात्र गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर जिवावर बेतू शकते. सांडपाणी मिसळलेल्या नदीकाठी ही साथ काय करू शकते, ते २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीने पाहिले.

आपल्या जुन्या घरांत पाणी निवळत ठेवायची रीत होती. निवळीचे बी उगाळून लावायचे किंवा तुरटी फिरवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी चौपदरी कापडातून गाळून घ्यायचे. ही रीत अडाणीपणाची नव्हती. बांगलादेशातल्या मतलब भागात संशोधकांनी जुन्या साडीच्या किमान चार घड्यांतून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना आणि कणांना चिकटलेले असतात आणि कापड त्या कणांना अडवते. ‘गाळ’ आणि ‘गाळणे’ हे शब्द मराठीत उगाच शेजारी राहत नाहीत. आजही पाणी गढूळ आले तर क्रम तोच ठेवावा: निवळवा, गाळा, मग उकळा किंवा क्लोरिनचे थेंब टाका. पाणी हिरवे असेल तर मात्र ते पिण्यासाठी वापरूच नये. दुसरा स्रोत शोधावा, टँकर मागावा.

उपसा हा उतारा नव्हे

गाळ वाढला म्हटले की पहिली सूचना येते ती उपसण्याची. उजनीतला गाळ आणि वाळू काढण्याचे प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहेत. याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजेच २ कोटी ८३ लाख घनमीटर. एक हायवा १५ घनमीटर गाळ नेतो असे धरले, तर एका टीएमसीसाठी सुमारे १९ लाख खेपा होतात. पाणी ओसरल्यावर वर्षात १५० दिवस काम चालले आणि रोज हजार खेपा झाल्या, तरी साडेबारा वर्षे लागतील. निघालेला गाळ एक फूट जाडीने पसरायचा तर जवळपास २३ हजार एकर रान लागेल. एवढे करून मिळेल एक टीएमसी, आणि दरम्यान नद्या नवा गाळ आणतच राहतील. ठेकेदाराचा जीव वाळूत असतो, कारण तिला भाव आहे. चिकणमाती तशीच राहते, आणि अपाय तर तिच्यातच आहे.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्य सरकारची २०१७ ची योजना गावतलावांसाठी चांगली आहे. गावाच्या शिवारातली माती गावाच्या तलावात गेली आणि परत शिवारात आली, यात तोटा कोणाचाच नाही. माळरानाची हलकी जमीन त्या गाळाने सुधारते. पण उजनीचा गाळ गावचा नाही. त्याच्या पाणलोटात औद्योगिक वसाहती आहेत, दोन महानगरपालिका आहेत. त्यातला गाळ उसाच्या किंवा भाजीपाल्याच्या रानात टाकण्याआधी शिसे, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक यांची तपासणी सक्तीची असायला हवी. जमिनीत गेलेले कॅडमियम पिकात उतरते आणि माणसाच्या मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठत राहते. ते शरीरातून काढायला औषध नाही. शेतकऱ्याने माती परीक्षणाच्या अहवालाशिवाय असा गाळ फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, मोजणे. उजनी, वीर, भाटघर, नाझरे या धरणांची क्षमता ठरावीक वर्षांनी नव्याने मोजावी आणि रोजचा टक्का त्या नव्या क्षमतेवर काढावा. त्यासोबत फुगवट्यातल्या पाण्याचा गढूळपणा, स्फुरद आणि उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिन यांचे आकडेही जाहीर व्हावेत. पाऊस किती पडला, हे गावागावात कळते. आपण काय पितो, तेही कळायला हवे.

दुसरी गोष्ट, माती जिथे सुटते तिथेच धरणे. समतल बांध, ओढ्याकाठी गवताचे पट्टे, नदीच्या काठापर्यंत नांगर न घालणे, उसाचे पाचट न जाळता सरीत राखणे, हे उपाय जुने आहेत आणि स्वस्तही. पाचटाने झाकलेल्या रानातून मेच्या पावसात माती जात नाही. नीरा-भीमेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत ढापे पावसाळ्यात काढून ठेवायचे आणि पूर ओसरल्यावर निवळ पाणी अडवायचे, ही पद्धत गाळ पुढे जाऊ देण्यासाठीच आहे. ढापे वेळेवर काढले नाहीत, तर बंधारा दोन-चार वर्षांत मातीने भरतो. इजिप्तच्या अस्वानमधले १९०२ चे जुने धरणही याच तत्त्वावर चालवले जाई. पहिला गढूळ पूर जाऊ द्यायचा आणि शेवटचे निवळ पाणी अडवायचे.

तिसरी गोष्ट, पुण्याची. मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्प २०१६ साली मंजूर झाला. ११ नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता, असा त्याचा आराखडा. भूमिपूजन व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. शहराच्या या सहा वर्षांत खालच्या अंगाला किती स्फुरद गाळात जमा झाले असेल, याचा विचार करावा. केंद्रे उभी राहिली तरी त्यांतून स्फुरद काढण्याची सोय हवी, नुसती दुर्गंधी घालवणे पुरेसे नाही. नदीपात्रात टाकला जाणारा बांधकामांचा राडारोडाही शेवटी पुरासोबत खालीच येतो.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड. इंदापूर आणि सोलापूर यांनी पाण्याच्या वाटपासोबत त्याच्या प्रतीसाठीही भांडावे. २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरला पाच टीएमसी पाणी देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यातून विरोध झाला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. ‘हे पाणी धरणाचे नाहीच, पुण्याहून येणारे सांडपाणी आहे,’ असा युक्तिवाद त्या वादात निर्णयाच्या बाजूने झाला. सांडपाणी आहे म्हणून ते आपल्या वाट्याचे, असे म्हणणारे भेटले. सांडपाणी आहे तर त्यात काय आहे आणि ते कोणाच्या पोटात जाते, असे विचारणारे भेटले नाहीत. खालच्या अंगाला सोलापूर आणि धाराशिव शहरेही याच धरणाचे पाणी पितात. या एका प्रश्नावर दोन्ही काठांचे हित एकच आहे.

रक्तवाहिनीत चरबी साचत असते तेव्हा माणूस वीस-वीस वर्षे ठणठणीत असतो. छातीत कळ येते ती एका दिवशी, पण आजार त्या दिवशीचा नसतो. धरणाचेही तसेच आहे. पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उजनी १०० टक्के भरल्याची बातमी येईल, पेढे वाटले जातील, ओटी भरली जाईल. तो आनंद खरा आहे, तो घ्यावाच. फक्त त्या बातमीत शंभराच्या शेजारी आणखी दोन आकडे असावेत, असा आग्रह ग्रामसभेपासून जिल्हा नियोजन समितीपर्यंत धरला पाहिजे: त्यात गाळ किती आणि त्या पाण्यात काय. पळसनाथाचे मंदिर पुन्हा बाहेर येईल तेव्हा उशीर झालेला असेल.